खो-खोची पाटी आणि चांगल्या गड्याची जागा

शाळेच्या खो-खो संघात आपल्या घरातील मुलगा अगर मुलगी निवडली गेली, की एकत्र कुटुंबात दोन प्रश्न ठरलेले असतात. “सराव आटोपून दिवेलागणीपूर्वी घरी येणे होईल ना?” हा आजीचा, आणि “तुला बसवितात कोठे?” हा काकांचा. पहिल्या प्रश्नाचा निकाल ज्या त्या घराने आपापल्या रिवाजाप्रमाणे लावावा. दुसरा प्रश्न मात्र सहज विचारला जात असला, तरी सहज सुटणारा नाही. “खांबाशी” असे उत्तर आले की काकांची मुद्रा खुलते; “मध्ये कोठेतरी” असे आले की ते पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतात. खांबाजवळची जागा मानाची आणि मधल्या जागा भरतीच्या, अशी एक समजूत आपल्यात रुजून गेली आहे. ती कितपत खरी आहे याचा येथे विचार करावयाचा आहे. कारण या समजुतीपायी हाती आलेले सामने जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे चार-दोन मुले खेळालाच कायमची रामराम करतात.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना लागणारे आमचे अड्याळ (ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडी ती निराळी, नावसारखेपणाने पाहुण्यांचा घोटाळा होतो) हा धानाचा मुलूख. पावसाळाभर बांध्यांत पाणी उभे. तेव्हा मोकळे मैदान असे शाळेच्या आवारापुरतेच उरते. दिवाळीच्या सुमारास कापणी आटोपू लागली, मंडईचे दिवस आले, की पोरांना हातपाय पसरावयास जागा मिळते. अशा गावातल्या शाळेत खो-खोसारखा खेळ नाही. चेंडू नको, फळी नको. दोन खांब, थोडी फक्की आणि नऊ मुले, एवढ्यावर तो उभा राहतो. पण त्या नऊंची मांडणी करण्याची वेळ आली, की शिक्षकांपासून कुंपणाशी उभ्या असलेल्या पालकांपर्यंत प्रत्येकाची योजना वेगळी. त्यांतल्या त्यात सर्वमान्य योजना अशी: दोन उत्तम गडी दोन खांबांशी, तिसरा चपळ गडी पहिल्या पाठलागास, आणि उरलेले मध्ये.

ही योजना का फसते हे कळण्यास खेळाची घडण एकदा नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे. आपणांपैकी पुष्कळांनी हा खेळ लहानपणी खेळलेला आहे, पण खेळलेला मनुष्य नियमांचा विचार क्वचितच करतो. मैदान सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. मधून उभी पाटी, तिच्या दोन टोकांना १२० सेंटिमीटर उंचीचे खांब, आणि आडव्या पाट्या तिला छेदतात तेथे आठ चौकोन. त्या चौकोनांत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्यास मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांबापलीकडे पोहोचेपर्यंत बदलता येत नाही. पळणाऱ्यास मात्र दोन्ही मोकळीका आहेत. म्हणून पळणारा पाटी ओलांडून पलीकडे गेला, की पाठलाग करणाऱ्याने एकतर खांबाला वळसा घालावा, नाहीतर आपल्याकडे पाठ करून बसलेल्या एखाद्या सोबत्यास मागून खो द्यावा. खो मिळालेला उठून आपल्या तोंडासमोरच्या अर्ध्या मैदानात जातो, आणि खो देणारा त्याच्या चौकोनात त्याच दिशेस तोंड करून बसतो.

या शेवटच्या वाक्यात सर्व मर्म आहे. पण तेथे येण्यापूर्वी एक साधा हिशेब करून पाहू.

मैदान दक्षिणोत्तर आखले आहे असे धरा, आणि उत्तरेच्या खांबापासून चौकोन मोजा. पहिला, तिसरा, पाचवा व सातवा यांची तोंडे पूर्वेस. दुसरा, चौथा, सहावा व आठवा यांची पश्चिमेस. आता पाठलाग करणारा पश्चिमेच्या अर्ध्यात असेल, तर त्याला खो देण्याजोगे चारच गडी उरतात, विषम चौकोनांतले. पूर्वेच्या अर्ध्यात असेल तर सम चौकोनांतले चार. म्हणजे डोळ्यांना आठ जणांची एक रांग दिसत असली, तरी खेळाच्या दृष्टीने त्या चार-चारांच्या दोन रांगा आहेत, एकमेकींत गुंफलेल्या. तीन चांगले गडी कोणाच्या ध्यानीमनी नसता विषम चौकोनांत जाऊन बसले, तर पूर्वेचे अर्धे मैदान धारदार आणि पश्चिमेचे बोथट होते. हुशार पळती दोन-तीन फेऱ्यांतच हे ओळखतो व बोथट बाजूस आपला मुक्काम हलवितो. म्हणून यादी करणाऱ्याने प्रथम “खांब की मध्य” हा प्रश्न न विचारता “पूर्व की पश्चिम” हा विचारावा.

खांबाच्या जागेचेही असेच आहे. उत्तरेच्या खांबाजवळची जागा एक आहे असे आपण समजतो. वस्तुतः त्या दोन आहेत: पूर्वेच्या अर्ध्यात उठून खांबाकडे झेपावणारा पहिल्या चौकोनातला, आणि पश्चिमेच्या अर्ध्यात तेच काम करणारा दुसऱ्या चौकोनातला. दक्षिणेस तसेच सातवा व आठवा. खांब एका हाताने पकडून, अंग झोकून पलीकडच्या पळत्यास दुसऱ्या हाताने टिपणे हे या खेळातले सर्वांत देखणे काम होय, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या तेथेच पडतात. पण ते काम चार जागांना शिकावे लागते, दोन जागांना नव्हे. शिवाय त्याला लागणारे गुणही लोक समजतात ते नव्हेत. संघातील सर्वांत वेगवान मूल खांबाशी बसविण्याचा मोह होतो. पहिल्या चौकोनापासून खांबापर्यंतचे अंतर अवघे अडीच मीटर; एवढ्यात वेग कसला दाखविणार? तेथे हवा लांब हात, पडण्याची भीती गेलेली असणे, आणि मुख्यतः पळता खांबाशी कोणत्या बाजूने निघेल याचा आगाऊ अदमास. उंच, काहीसे संथ दिसणारे, ज्याला घरी “आळशी” म्हणतात असे एखादे मूल येथे कमाल करून जाते.

आता त्या मर्माच्या नियमाकडे. खो देणारा खो घेणाऱ्याच्या जागी बसतो. म्हणजे प्रत्येक खोबरोबर एकेक गडी हलतो. पाळी सुरू होऊन एक मिनिट लोटले, की गुरुजींनी कागदावर विचारपूर्वक काढलेली मांडणी मैदानावर राहिलेली नसते. ज्याला सर्वांत चपळ म्हणून पहिल्या पाठलागास उभा केला, तो पहिलाच खो देऊन भलत्याच चौकोनात बसलेला असतो आणि तेथून दोन-दोन मिनिटे उठत नाही. म्हणून अनुभवी शिक्षक एकेका गड्याची जागा ठरवीत नाहीत, त्रिकुटे ठरवितात. उत्तरेच्या टोकास तिघे, दक्षिणेच्या टोकास तिघे. उत्तरेचा गडी पूर्वेकडून खांबावर झेपावला, नेम चुकला, आणि तो वळसा घालून पश्चिमेस आला, तर त्याच्यासमोर पाठ करून बसलेला सर्वांत जवळचा सोबती पहिल्याच चौकोनात असतो. तेथे खो देऊन तो पुन्हा आपल्या टोकाशी बसतो, आणि खांब ओसाड पडत नाही. मुलांना हे शब्दांनी सांगून समजत नाही. दहा-वीस वेळा चालत चालत, पळत नव्हे, करून दाखविले म्हणजे अंगवळणी पडते.

येथे थोडे दूरदेशी जाऊन यावेसे वाटते, कारण नऊ जणांच्या मांडणीचा हा वाद आपल्यापुरता नाही. सॉफ्टबॉल नावाचा खेळ १८८७ साली शिकागो येथे जॉर्ज हॅन्कॉक याने काढला. आपल्याकडील शालेय क्रीडास्पर्धांतही तो आता रुळला आहे. त्यातही क्षेत्ररक्षणास नऊच गडी. ६० फुटांची बाजू असलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर धावणाऱ्याने पोहोचावयाचे, आणि त्यापूर्वी चेंडू तेथे पोहोचवून त्यास बाद करावयाचे. आतल्या फळीत दुसऱ्या व तिसऱ्या कोपऱ्यांच्या मध्ये उभा राहणारा ‘शॉर्टस्टॉप’ हा सर्वांत मानाचा. चपळ, जोरदार हाताचे मूल तेथे ठेवण्याचा प्रघात आहे. प्रौढांच्या संघात हे योग्यच. पण दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या संघात काय होते? शॉर्टस्टॉपवरची मुलगी चेंडू सुरेख अडविते, झणकन ‘फर्स्ट बेस’कडे फेकते, आणि तेथली मुलगी तो सोडते. केलेले सारे श्रम मातीत. म्हणून लहानांच्या संघात ज्याच्या हातून झेल सुटत नाही असे खात्रीचे मूल फर्स्ट बेसवर हवे, मग शॉर्टस्टॉप थोडा दुबळा राहिला तरी चालेल, असे मानणारा एक पक्ष आहे. आणि मला तो पक्ष बरोबर वाटतो. जेथे काम वारंवार पडते तेथे खात्रीचा हात. जेथे काम क्वचित पण चमकदार, तेथे दुसऱ्या क्रमांकाचा.

खो-खोत वारंवार पडणारे काम कोणते? गडी बाद करणे नव्हे, खो देणे. एकेक गडी बाद होण्यापूर्वी दहा-पंधरा खो सहज होऊन जातात. त्यांतील एक जरी चुकला, हात लागण्याआधी तोंडातून खो निघाला, बसलेला आधीच उठला, पाऊल पाटीवर पडले, तर पंचाची शिट्टी होते, डाव विस्कटतो आणि दमलेल्या पळत्यास फुकटचा श्वास मिळतो. मोठ्यांच्या सामन्यांत झेप आणि वेग यांवर निकाल लागत असतील. मुलांच्या सामन्यांत ते बहुधा शिट्ट्यांवर लागतात. म्हणून चौदा वर्षांखालच्या संघात ‘उत्तम गडी’ या शब्दाचा अर्थच बदलून घ्यावा लागतो. ज्याचे खो स्वच्छ, ज्याची नजर पळत्यावर आणि कान मागच्या पावलांवर, तो उत्तम. आणि असा गडी मध्ये हवा, तिसऱ्या ते सहाव्या चौकोनांत, जेथून सर्वाधिक खो जातात. आपल्याकडच्या पंगतीचेच पाहा ना. तूप वाढण्याचा मान घरातल्या वडील हाताकडे जातो, आणि ते शोभूनही दिसते. परंतु पंगत खोळंबते ती तुपावाचून नव्हे. भात आणि पाणी वाढणारा मध्येच कोठे गप्पांत अडकला म्हणजे खोळंबते.

आता कच्च्या मुलाविषयी. प्रत्येक शाळेच्या संघात असे एक-दोन असतातच. सॉफ्टबॉलमध्ये त्यांना दूरच्या मैदानात, जेथे चेंडू फारसा जात नाही तेथे, उभे करून वेळ निभावून नेता येते. खो-खोत लपविण्यास जागाच नाही. तरीही मुले आपण होऊन एक युक्ती काढतात: त्याला खो देतच नाहीत. ही युक्ती किती महाग पडते ते मोजता येते. एका दिशेच्या दोन जागांमधले अंतर, म्हणजे तिसऱ्या चौकोनापासून पाचव्यापर्यंत, सुमारे पाच मीटर. पाचव्या चौकोनातला गडी ‘मेला’ असे धरले, तर तिसऱ्यापासून थेट सातव्यापर्यंत दहा मीटरांचे अंतर मोकळे झाले. तिसरा आणि पाचवा असे दोघेही मेले, तर पंधरा मीटर. पण चौथा आणि पाचवा मेले, तर हानी दोन्ही बाजूंस वाटली जाते, कारण हे दोघे शेजारी दिसले तरी निरनिराळ्या रांगांतले. दोन कच्ची मुले असल्यास त्यांना एका दिशेस कधीही बसवू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ साधते.

आणखी एक गंमत, किंवा खरे म्हणजे दुःख, असे की बाकीचे सर्व खोबरोबर जागा बदलीत फिरत असतात. ज्याला खो मिळत नाही तोच काय तो पाळीभर एका चौकोनात राहतो. नऊ मिनिटांच्या पाळीत एकही खो न मिळालेली मुलगी मी पाहिली आहे. ती चुकत नव्हती, आळस करीत नव्हती. पाठीवर हात पडेल म्हणून टाचा उचलून तयार बसलेली होती. अशी मुलगी दोन महिन्यांनी सरावास येईनाशी होते, आणि घरी कारण ‘अभ्यास’ असे सांगितले जाते. जिला मैदानावर पाठविण्यास घरातून आधीच नाखुषीने परवानगी मिळालेली असते, तिच्या बाबतीत तर तेवढे निमित्त पुरते.

यावर उपाय अवघड नाही, पण त्याची किंमत आहे. संघातील सर्वांत स्वच्छ खो देणारी मुलगी आणि कच्ची मुलगी यांना लगतच्या, विरुद्ध दिशांच्या चौकोनांत बसवावे, आणि सरावात पहिले काही खो कच्चीलाच मिळावेत असा दंडक घालावा. असे केल्याने एक खांब थोडा दुबळा राहतो. पहिला सामना कदाचित जाईलही. तालुक्याच्या स्पर्धेत तो गेला म्हणून पालकसभेत आवाज चढतात, हेही मला ठाऊक आहे. तथापि मधल्या जागा जिवंत झालेला संघ हंगामाच्या शेवटी जो खेळ करतो, तो दोन खांबांच्या दोन वीरांना करता येत नाही, आणि चौदा वर्षांखालच्या संघात शिक्षकांनी कोणता हिशेब धरावा याविषयी मला तरी शंका नाही. ज्या आजोबांना मैदानावर जाऊन बसण्याची हौस आहे, त्यांना एक काम सुचवितो. गडी किती बाद झाले ते पंच लिहितातच. आपण वहीत नऊ नावे लिहून प्रत्येकाला किती खो मिळाले एवढ्याच रेघा ओढाव्या. त्या रेघा गुरुजींना दाखविल्या, तर कुठल्याही वादविवादापेक्षा अधिक काम होईल.

पळतीच्या बाजूसही जागेचा प्रश्न येतो, पण तो सोपा आहे. नऊ जण तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. सर्व बाद झाले व वेळ उरला, तर त्याच क्रमाने पुन्हा. अर्थात पहिली तुकडी निश्चित खेळते, प्रसंगी दोनदा. तिसरीची पाळी येईलच असे नाही. म्हणून मोठ्यांत उत्तम तिघे पहिल्या तुकडीत घालतात. मुलांत मी प्रत्येक तुकडीत एकेक धिम्मे, न घाबरणारे मूल घालीन. तिन्ही कच्ची मुले एकदम उतरली आणि मिनिटाभरात बाद झाली, की पुढच्यांचे पाय आपोआप जड होतात.

हा खेळ आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांची चौकट देण्यास आरंभ केला, पुढे १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिला विश्वचषक झाला. त्याच्या अंतिम सामन्यांत आपल्या महिलांनी नेपाळवर ७८-४० असा व पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळविला. प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक स्पर्धेत तर आक्रमणास सातच गडी असतात, आणि त्यांतील ‘वझीर’ ठरविलेल्या गड्यास वाटेल त्या दिशेस वळता येते. कोणाला कोठे बसवावे या जुन्या प्रश्नात वझीर कोणाला करावे या नव्याची भर पडली.

आणि हे सर्व आता चटईवर चालते. गावातील मुलांना याची झळ प्रथम लागते. आमच्याकडे सिहार, म्हणजे वाळूमिश्रित जमिनीवर झेप घेणाऱ्यास फारसे लागत नाही. कन्हारीवर, ती वाळून दगड झाली म्हणजे, गुडघे सोलून निघतात आणि मुले झेपेचा विचारच सोडतात. अशी मुले वरच्या स्पर्धेसाठी चटईवर उतरली, की पाय कधी अडकतो, कधी घसरतो, आणि मातीत पक्का असलेला खांबाचा गडी ऐन वेळी कचरतो. त्यासाठी जाण्यापूर्वी निदान आठ दिवस खांबाभोवतीची माती खणून, चाळून मऊ करून चारही खांबकऱ्यांना झेपेचा सराव द्यावा. आणि तेथे पोहोचल्यावर सामन्याआधी अर्धा तास त्यांना चटईवर अनवाणी व बूट घालून, दोन्ही तऱ्हांनी, पळवून पाहावे. ज्याचा पाय तेथे बसत नसेल त्याला त्या दिवसापुरते मध्ये घ्यावे, आणि मधल्या एखाद्या निर्भय मुलास पहिल्या चौकोनात बसवावे.